ताईचा दीड सेकंद

बोटीवरनं उतरता येत नाही, हे मला कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं. म्हणजे माहीत होतं की. चारी बाजूला समुद्र आहे, उतरून जाणार कुठं? पण माहीत असणं वेगळं आणि आठव्या दिवशी सकाळी डोळे उघडून तीच दोन तोंडं बघणं वेगळं. सोलापुरात माझं कुणाशी वाजलं, की मी नवी पेठेत जाऊन दोन तास गर्दीत धक्के खाऊन यायचो. परत येईपर्यंत समोरच्याचा राग उतरलेला असायचा आणि कशावरनं वाजलं ते मी विसरलेलो असायचो. बोटीवर पेठ नसते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अठरा पावलं. वळायचं, परत अठरा.

आम्ही तिघं होतो. कॅप्टन कोचीचे, साठीच्या पुढचे, सगळं आयुष्य मालवाहू जहाजांवर काढलेले. ताई पुण्याची, तिशीतली, शिडाच्या बोटी चालवायला रीतसर शिकलेली. आणि मी स्वयंपाकी. सोलापुरात हॉटेल मॅनेजमेंट करून मी कोचीच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये लागलो होतो. कॅप्टन तिथं जेवायला यायचे. कुणा मालकाची शिडाची बोट कोचीहून सेशेल्स बेटांवर पोचवायची होती आणि रांधायला माणूस पाहिजे होता. मी विचारलं, किती दिवस लागतील? ते म्हणाले, वाऱ्याला विचार. मला वाटलं, विनोद केला. हसलो पण.

आईनं निघायच्या आधी फोनवर विचारलं, "जहाजात पंखा तरी हाय का रं?"

"आई, जहाजच पंख्यावर चालतंय."

"मग असू दे. कडक भाकरी घेतलीस न्हवं?"

घेतली होती, पन्नास. महिनाभर टिकणारी दुसरी कुठली भाकरी जगात आहे, सांगा. पहिल्या दिवशी कॅप्टननी एक हातात घेतली, टेबलावर आपटून बघितली आणि ताईला म्हणाले, "बोटीला भोक पडलं तर ठोकायला ठेवू."

आता माझ्या खोडीबद्दल. मला आवाज काढता येतात. शाळेत नववीला असताना माईक मोकळा दिसला म्हणून हेडमास्तरांच्या आवाजात सांगून टाकलं, "विद्यार्थ्यांनो, आज अर्धी सुट्टी." पाच मिनिटांत सगळी शाळा रस्त्यावर. दोन मास्तर पण सायकलीवर टांग टाकून गेले, ही गोष्ट कुणी सांगत नाही. मार खाल्ला, पण गल्लीत वट वाढली. तेव्हापासून लग्नं, गॅदरिंग, गणपती, कुठंही मला उभं करायचे. टेंभुर्णीच्या एसटीचा कंडक्टर, किराणावाला, शेजारची काकू, सगळे माझ्या घशात राहायला होते.

कॅप्टन तर सोपेच होते. ऑर्डर द्यायच्या आधी घसा दोनदा खाकरायचे, मग शेवटचा शब्द लांबवायचे. तिसऱ्या दिवसापर्यंत मला ते पूर्ण आले. ताई शिडाच्या दोऱ्या आवरत असली, की मी खालनं त्यांच्या आवाजात "टी रेऽऽडी" म्हणायचो आणि ती हसायची. त्या हसण्यानंच माझं डोकं फिरलं असं आज वाटतं. दिवसभरात दुसरं करायला काही नव्हतं हे पण खरं.

सहाव्या दिवशी दुपारी ताई सुकाणूवर होती. वारा मागनं, हलकाच. मी खाली किचनमध्ये कांदा चिरत होतो. तिथनं वरचं काही दिसत नाही, एका चौकोनातनं आभाळ फक्त. मी दोनदा घसा खाकरला आणि ओरडलो, "जाऽऽइब!"

जाइब म्हणजे बोटीचं ढुंगण वाऱ्यातनं फिरवायचं. तसं केलं, की शिडाच्या खालचा तो लांब आडवा दांडा, त्याला बूम म्हणतात, तो एका बाजूचा सटकन दुसऱ्या बाजूला येतो. मला वाटलं ताई हसेल. तिनं सुकाणू फिरवलं.

वर धाड्‌कन आवाज झाला. मी पळत वर गेलो. कॅप्टन डेकवर उकिडवे बसलेले, डोक्यावर दोन्ही हात. ते वाळत घातलेला टॉवेल काढत उभे राहत होते. बूम केसांना घासून गेला. टोपी आणि चष्मा समुद्रात. चार बोटं खाली असता तर चष्म्याबरोबर डोकं पण.

ताई पांढरीफटक. "तुम्हीच म्हणालात ना जाइब?" तिनं त्यांना विचारलं. आणि मग तिनं हळूच मान वळवून माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात सुरी तशीच होती.

कॅप्टन ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हिंदीत म्हणाले, "आजसे तुम किसीका आवाज नहीं निकालेगा. सिर्फ अपना."

"येस कॅप्टन," मी म्हणलं, आणि ते पण ऐटीत, कुठल्यातरी नेव्हीवाल्यासारखं निघालं.

"ये भी तुम्हारा नहीं है."

मग दुसऱ्या दिवशी वारा पडला. विषुववृत्ताजवळ असं होतं म्हणे. समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट. शीड फडक्यासारखं लोंबतंय. डिझेल बंदरात शिरण्यापुरतं राखून ठेवायचं म्हणून इंजिन बंद. डेक एवढा तापायचा, की पाय ठेववत नव्हता. खाली गेलं तर कोंदट, वर आलं तर चटका. बटाट्याची साल टाकली तर संध्याकाळपर्यंत बोटीशेजारीच तरंगत असायची. मी तिला नमस्कार घालायचो.

आणि बोलायला कुणी नाही. कॅप्टन टेप चिकटवलेला जुना चष्मा लावून नकाशात डोकं घालून. ताई जेवायला वाढलं की "पुरे" म्हणायची, संपलं. मी माझ्या आवाजात बोलायचं म्हणून तोंड उघडायचो आणि बाहेर काकू यायची, कंडक्टर यायचा. माझा स्वतःचा कुठला तेच मला सापडेना. गप्प बसायला लागलो. सोलापुरातल्या कुणालाही सांगा, मी चार दिवस गप्प होतो म्हणून. हसतील तुमच्यावर.

दहाव्या दिवशी एक झुळूक अचानक जोरात आली. कॅप्टन पुढनं ओरडले, "इझ द शीऽऽट!" म्हणजे शिडाची दोरी ढिली सोड. दोरी ताईच्या हाताशीच होती. तिनं आधी माझ्याकडं बघितलं. मी कुठं आहे, माझं तोंड हलतंय का, हे बघितलं आणि मग दोरी सोडली. तेवढ्यात शीड शिवणीवर टरकलं, हातभर.

दुपारभर तिघं बसून ते शीड शिवलं. बाभळीच्या काट्याएवढी सुई, तळहाताला चामड्याची पट्टी. मग ताईच म्हणाली, मराठीत, म्हणजे फक्त मला, "दीड सेकंद गेला माझा. तुझ्यामुळे. समोरून ढग येतील तेव्हा तो दीड सेकंद आपल्याकडे नसेल, कळतंय का तुला?"

"सॉरी ताई."

"सॉरी नको. आता त्यांचा आवाज आला की मला आधी तू ऐकू येतोस. त्याचं काय करू सांग."

शाळा सुटली तर दुसऱ्या दिवशी परत भरते. हिचा भरवसा कुठनं परत आणायचा? चार टाके घातले, एक चुकला, उसवला. टाका ओढता ओढता डोक्यात आलं.

"ताई, एका तोंडातनं दोन आवाज एकदम निघत न्हाईत. मी लई प्रयत्न केलाय. कॅप्टननी ऑर्डर दोनदा द्यायची. दुसऱ्यांदा देतील तवा त्यांच्या आवाजावरच मी माझ्या आवाजात ओरडणार. मी ओरडतोय म्हणजे ऑर्डर माझी न्हाई."

तिनं सुई थांबवली. "आणि झोपेत असलास तर?"

"झोपणार न्हाई."

तिनं कॅप्टनना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. मग जागचे न उठता घसा खाकरला. "इझ द शीट. इझ द..."

"व्हय!" मी ओरडलो. घाबरून जे आलं ते आलं, आईशी बोलतो तसंच.

कॅप्टन उठून उभे राहिले. "व्हाय? यू आर आस्किंग मी व्हाय? बिकॉज आय से सो!"

ताईला हसू फुटलं. सुई हातात धरून हसली, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. "नो कॅप्टन, नो. व्हय मीन्स येस. दॅट इज हिज येस."

"इन व्हॉट लँग्वेज?"

"सोलापूर," ती म्हणाली.

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. दिवसा, जेवताना, संडासात बसलेला असताना, कॅप्टनचं "टॅऽऽक", म्हणजे बोटीचं तोंड वाऱ्यातनं फिरव, आलं की दुसऱ्या "टॅक"वर माझं "व्हय!" आलंच पाहिजे. कॅप्टन मुद्दाम कधीपण ऑर्डर देऊन बघायचे. गळ्यात घंटा बांधलेल्या म्हशीसारखं झालं होतं. डुलकी लागली की दचकून "व्हय!" म्हणायचो आणि दोघं वळून बघायचे, कुणी काहीच बोललेलं नसायचं. घरी जायचं, एवढंच मनात. पण जाणार कुठं? अठरा पावलं.

आणि ताई अजून बघायचीच. दोन दिवस झाले तरी. आवाज आला, की आधी मान माझ्याकडं, मग हात कामाला. कमी झालं होतं, पण होतं.

तेराव्या दिवशी दुपारी ढग आला. पूर्वेकडनं काळी भिंत, खाली पांढरी रेघ. ती रेघ म्हणजे पाऊस पाण्यावर आपटतोय. कॅप्टन पुढं डोलकाठीशी शीड उतरवायला गेले. ताई सुकाणूवर. मी खालच्या पायऱ्यांवर, डबे बांधत. आधी गार वारा, मग सगळं पांढरं. मला ताई दिसेना, कॅप्टन तर नाहीच. बोट एका कुशीवर आडवी झाली आणि तेलाचा डबा माझ्या पायावर आला.

"हेड अऽऽप!" पुढनं आलं. म्हणजे बोटीचं तोंड वाऱ्याकडं फिरव, शीड सैल पडू दे, नाहीतर उतरत नाही.

"हेड अऽऽ..."

"व्हय!" मी बेंबीच्या देठापासनं ओरडलो. "व्हय, व्हय, व्हय!"

बोट वळत होती. माझा पहिला व्हय तोंडातनं निघायच्या आधीच वळायला लागली होती. पायाखाली कळतं ते. मी वर डोकं काढलं. ताई दोन्ही हातांनी सुकाणू दाबून उभी, केस तोंडावर, नजर पुढं, कॅप्टन असतील तिथं. पुढनं शीड धपकन खाली आलं.

तिनं माझ्याकडं बघितलंच नव्हतं.

सेशेल्स अजून पाच दिवस लांब होतं. मी खाली जाऊन सांडलेलं तेल पुसायला लागलो.