नाक्यावर नेहमी चार वाजायचे

ती घटना आठवली की आजही माझी नजर आधी गाडीतल्या घड्याळाकडे जाते. कुणाच्याही गाडीत बसलो की पुढचं घड्याळ बघायचं आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहायचं, ही खोड मला त्या उन्हाळ्यात लागली. घरचे हसतात. हसू देत.

यवतमाळ जिल्ह्यात नेरच्या बाजूला, अमरावतीच्या हद्दीजवळच्या एका ठाण्याचा मी तेव्हा ठाणेदार होतो. कापसाची ती वाईट वर्षं. भाव पडलेला, बोंडअळीचा धसका बसलेला, आणि त्यात दरवर्षी मृगाच्या तोंडावर बाहेरून बोगस बियाणं यायचं. नाव ना लेबल, साध्या पुड्या. ते उगवायचं नाही, उगवलंच तर बोंड धरायचं नाही. बियाणं फसलं की अख्खं वर्ष फसतं, हे तिकडे लहान पोरही सांगेल. म्हणून मृगाआधी हद्दीवर आमची नाकाबंदी असायची. येणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद रजिस्टरला. गाडीचा नंबर, चालकाचं नाव, माल आणि वेळ.

तीन आठवडे झाले तरी हाती काही लागलं नव्हतं. बियाणं मात्र बाजारात येतच होतं. वरून रोज विचारणा होत होती आणि मी रोज 'तपास चालू आहे' असं सांगत होतो. पोलीस खात्यात या वाक्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो.

अशात आमचा एक जुना खबरी ठाण्यात आला. नाक्याच्या पुढे दोन-तीन किलोमीटरवर त्याचा पानठेला होता. खबर सांगण्याआधी घसा साफ करायची त्याची सवय होती.

"साहेब, एक जीप हाय," तो म्हणाला. "नाक्यावर मरते अन् माह्या ठेल्यापाशी जित्ती होते."

"म्हणजे काय?"

"मी घरून येताना नाक्यावर पाहतो तं धूर सोडत, धक्के खात चालली असते. दोनदा तं तुमच्याच शिपायाईनं ढकलली. मी सायकलनं ठेल्यावर जातो, दुकान उघडतो, अन् थेच जीप माह्या समोरून अशी जाते का पानाची पाटी उडते. मधात कोनतं गॅरेज नाई. मंग दुरुस्त कोन करते?"

प्रश्न बिनतोड होता. मी नाक्याचं रजिस्टर मागवलं आणि त्या जीपच्या नोंदी काढल्या. तीन आठवड्यांत पाच फेऱ्या. आणि पाचही नोंदींत वेळ एकच होती: चार वाजता. वरच्या ट्रकची वेळ सकाळी दहा वीस, खालच्या एसटीची दहा पस्तीस, आणि मध्ये ही जीप चार वाजता.

माझं डोकंच फिरलं. नाक्यावरचे जमादार निवृत्तीला आलेले, अतिशय साधे गृहस्थ होते. त्यांना बोलावलं आणि कारणे दाखवा नोटीस लिहायला घेतली.

"जमादार, ही वेळ कुठून आणली?"

"माहं घड्याळ दोन महिन्यांपासून बंद हाय साहेब. गाडीतल्या घड्याळात पाहून लिहतो."

"आणि घड्याळ नसलेल्या गाडीची?"

"डायव्हरले इचारतो."

"या जीपच्या घड्याळात दर वेळी चार वाजलेले असतात?"

"व्हय साहेब. त्यात चारच वाजले असते."

"आणि तुम्ही लिहून मोकळे झालात."

जमादार थोडे दुखावले. "जे पाह्यलं ते लिहलं साहेब. मनानं कायले लिहू?"

नोटिशीवर चाललेला माझा पेन तिथेच थांबला. एखादा चलाख शिपाई असता तर त्याने वरखाली बघून दहा पंचवीस अशी नोंद ठोकून दिली असती. रजिस्टर स्वच्छ दिसलं असतं आणि आमच्या हाती काहीच आलं नसतं. या माणसाने रजिस्टर घाण केलं, पण खोटं केलं नाही. मी नोटीस फाडली.

"ही जीप तपासली कधी?"

जमादार खाली बघत म्हणाले, "खरं सांगू का? नाई. बंद पडली तं रस्ता अडते, अन् ढकलावं आपल्यालेच लागते. त्याच्यानं पोट्टे म्हनत, जाऊ द्या."

चोराने आमच्या आळसाचा इतका बरोबर हिशेब केला होता की मला रागही येईना. धडधाकट गाडी पोलीस थांबवतो. मरायला टेकलेल्या गाडीला तो स्वतः हात लावून पुढे घालवतो.

पुढच्या खेपेला साध्या कपड्यांत मी नाक्यावर उभा राहिलो. जीप आली. काळा धूर, आचके, अंगात जोर नाही. चालवत होता तिचा मालकच, कृषी सेवा केंद्र चालवणारा एक व्यापारी. मी खिडकीतून डोकावलो. माझ्या घड्याळात दहाला दहा कमी होते. त्याच्या घड्याळात चार.

"गाडी बंद करा."

"साहेब, बंद केली तं पुन्हा चालू नाई होनार."

"नाही झाली तर आम्ही ढकलू. सवय आहे आम्हाला."

मागच्या सीटखालच्या फळ्या काढल्या तेव्हा बियाण्याच्या पुड्याच पुड्या निघाल्या. कृषी अधिकाऱ्यांना बोलावून नमुने घेतले, पंचनामा केला, व्यापाऱ्याला अटक केली. जीप ठाण्याच्या आवारात आणायला मात्र पाऊण तास लागला. ती खरोखरच चालत नव्हती.

व्यापाऱ्याने पहिल्याच जबाबात बोट दुसरीकडे दाखवलं. गाडीतलं घड्याळ हे घड्याळ नाही, त्यावरून इंजिनाची चाल बदलते, ते गावातल्या मिस्त्रीने बनवलं आणि नाक्यावरून सुटायची युक्तीही त्याचीच, असं त्याने सांगितलं. म्हणजे मिस्त्री कटात सामील होता. तो तिसरा-चौथा नव्हे, सरळ दुसरा आरोपी.

मिस्त्रीला मी ओळखत होतो. चाळिशीचा, मितभाषी मुसलमान माणूस. वडील जिनिंगच्या मशिनी दुरुस्त करायचे, याने बसस्टँडमागे गॅरेज टाकलं होतं. त्याला चौकशीला बोलावलं. सकाळी दहाला यायचा, बाकावर बसायचा, संध्याकाळी घरी जायचा. दोन दिवस मी त्याला विचारत राहिलो आणि दोन दिवस तो खिडकीतून आवारातल्या जीपकडे बघत राहिला. हे तुम्ही केलं का? उत्तर नाही. कशासाठी केलं? उत्तर नाही. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतोच, हे मला नोकरीत शिकवलेलं होतं आणि मी त्यावर विश्वास ठेवून होतो.

तिकडे बाजारात बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या संध्याकाळी मी गॅरेजवरून गेलो तर नेहमी सहा-सात गाड्या असायच्या तिथे एकच उभी होती. लोक गाडी सोडतात म्हणजे किल्ली देतात. पोलिसांत नाव गेलेल्या मिस्त्रीला किल्ली कोण देणार? आरोपपत्रात नाव गेलं की त्याचं गॅरेज संपणार, हे मलाही दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी ते घड्याळ काढून मुद्देमालात जमा करायचं ठरलं. आम्ही एक वायरमन बोलावला. पंच हजर, मी हजर. वायरमनने स्टिअरिंगखाली हात घातला आणि वायरींचा झुबका धरून ओढणार, तोच मागून आवाज आला.

"तो तार नका ओढू."

मिस्त्री बाकावरून उठून उन्हात आला होता.

"तो पांढरा तार ओढला तं गाडीचा दिमाग जळून जाईन. आठ महिने लागले मले साहेब. तुमाले मले जेलात टाकाचं तं टाका, पन ते मले काढू द्या."

दोन दिवसांत त्याने उच्चारलेली ही पहिली वाक्यं. मी वायरमनला बाजूला केलं आणि म्हणालो, "मिस्त्री, काढू नका. आधी दाखवा."

तो जीपमध्ये बसला. किल्ली फिरवली. घड्याळात चार उमटले आणि इंजिन नेहमीसारखं खोकायला लागलं. मग त्याने हाताशी लपवलेलं शेंगदाण्याएवढं एक बटण दाबलं. चारचा एक झाला. खोकला थांबला. इंजिन एकसारखं, शांत चालू लागलं. पुन्हा बटण, दोन. आवाज अजून हलका झाला. "यात डिझल कमी लागते, सपाट रस्त्यासाठी." पुन्हा बटण, तीन. त्याने पाय दिला आणि तीच जीप, जिला आम्ही चौघांनी घाम गाळून ढकलत आणलं होतं, अशी गुरगुरली की जमादार दोन पावलं मागे सरले. "हे चढावासाठी, भरल्या गाडीले."

ठाण्यातले सगळे बाहेर आले होते. मुद्देमाल कारकून हातातली सील करायची लाख तशीच धरून उभा होता. मी पंचवीस वर्षांत चोरीची हजार हत्यारं पाहिली होती, पण एका बोटाने चार वेगळी इंजिनं चालवणारा माणूस पाहिला नव्हता.

मग तो बोलत गेला. नव्या गाड्यांत इंजिनाला डिझेल किती आणि केव्हा द्यायचं हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्याच्या चिपमध्ये आकड्यांचा तक्ता असतो. याने मोठी चिप आणून तिच्यात चार तक्ते भरले, आणि कोणता तक्ता चालू आहे ते दिसावं म्हणून मोडक्या घड्याळाचे लाल आकडे बसवले. आकडे बदलायला त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. गावातल्या कॉम्प्युटर क्लासचं जनरेटर तो फुकट दुरुस्त करायचा, त्या बदल्यात ते दुपारी एक तास मशीन देत. लोडशेडिंगच्या वेळात तो आकडे वहीत लिहून काढायचा. एक आकडा बदलायचा, गाडीची चक्कर मारायची, कानाने ऐकायचं, दुसरा बदलायचा. त्याने मागवून आणलेल्या दोन लांब वह्या मी चाळल्या. पानंच्या पानं आकडे, समोर उर्दूत शेरे. शिक्षण विचारलं तर आठवी.

"आणि हा चौथा? नाक्यासाठीच केला ना?" मी विचारलं. खरा प्रश्न हाच होता.

"चोरासाठी केला साहेब. गाडी कोनी चोरून नेली तं दोन कोसाच्या पुढं जाऊच नाई. घड्याळासारखं काहून केलं? चोराले समजू नये म्हनून. ह्या शेटनं मले तेच सांगतलं, गाडी चोरीले जाते, मलेही लावून द्या."

"मग दोन दिवस गप्प का बसलात?"

"काय बोलू? मीनं बनवलं म्हनलं तं तुमी म्हनान गुन्हा कबूल. नाई म्हनलं तं झूट. अब्बानं झूट बोलाले शिकवलं नाई."

मला ते पटलं. पण पोलिसाला पटून चालत नाही, कागदावर यावं लागतं. "हे आधी आणखी कुणाला लावलंय का?"

"पहिलं तं जनावराच्या डॉक्टरले लावलं. शेटची जीप त्याच्या दीड वर्ष नंतर."

मी स्वतः पशुवैद्यकीय डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या जीपमध्ये तेच घड्याळ. दाराशी उभ्या गाडीची किल्ली फिरवली तर चार वाजलेले. त्यांनी जबाब दिला: गावोगाव रानात गाडी उभी करून गोठ्यात जावं लागतं, म्हणून मिस्त्रीने चोरापासून हे बसवून दिलं, आणि हो, त्या व्यापाऱ्याने बैल दाखवायला आला असताना हे पाहिलं होतं, खोदून खोदून विचारलं होतं. तारखेची खूण म्हणून त्यांनी आपली डायरीही दिली. युक्ती कुणाची, ते स्पष्ट झालं.

वरिष्ठ म्हणाले, "मिस्त्रीचं नाव आरोपपत्रात घाला. निर्दोष असेल तर कोर्ट सोडेल." असं खात्यात सहज म्हटलं जातं. कोर्ट पाच वर्षांनी सोडतं, बाजार पाचव्या दिवशी निकाल देऊन मोकळा होतो. मी मिस्त्रीचं नाव आरोपींच्या रकान्यातून काढून साक्षीदारांच्या यादीत घातलं आणि त्याची जबाबदारी लेखी स्वतःवर घेतली. पुढे व्यापाऱ्याला शिक्षा झाली. साक्षीच्या दिवशी न्यायाधीश स्वतः कोर्टाच्या आवारात, जीपपाशी उतरून आले, बटण दाबायला लावलं आणि चारही आकडे पाहून नुसते "वा" म्हणाले. ते रोजनाम्यात आलं नाही, पण मी ऐकलं.

पण हे सगळं नंतरचं. नाव काढलं तरी बाजाराला ते कोण सांगणार? आठवडाभराने पाहिलं तर गॅरेजसमोरची ती एक गाडीही गेलेली. तेव्हा आठवडी बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत, मी गणवेशात माझी स्वतःची मोटारसायकल घेऊन तिथे गेलो. चहावाले, भाजीवाले, सगळे बघत होते. मी किल्ली मिस्त्रीच्या हातात दिली.

"काय झालं गाडीले साहेब?"

गाडीला काहीही झालेलं नव्हतं. "बघा तुम्हीच," मी जरा मोठ्याने म्हणालो. "चार दिवस ठेवा. घाई नाही." आणि बाजारातून चालत ठाण्यात आलो. सांगायला हरकत नाही, वाटेत मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. एका माणसावर उपकार केल्याचा.

चौथ्या दिवशी गेलो तेव्हा गॅरेजसमोर तीन गाड्या होत्या. मिस्त्रीने माझी किल्ली दिली आणि तळहातावर एक तुटकी तार ठेवली. पुढच्या ब्रेकची. एका पदरावर लटकलेली होती.

"आवाजावरून समजलं," तो म्हणाला. "तुमी त्या दिवशी आले तवाच. अजून दोन रोज चालवली असती तं घाटात ब्रेकच लागला नसता."

मी ती गाडी तीन वर्षं रोज चालवत होतो आणि मला काही ऐकू आलं नव्हतं. दोन दिवस तो माणूस माझ्यासमोर बाकावर बसला होता, तेव्हाही मला फक्त त्याचं गप्प बसणं ऐकू आलं होतं. गप्प माणूस लपवतोय की जपतोय हे आधी बघायचं, एवढं मी त्यानंतरच्या नोकरीत पाळलं. ती तार माझ्या टेबलाच्या खणात निवृत्तीपर्यंत होती. आता घरी आहे.