एकेक खूण सरबत

माझे सासरे चाळीस वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडर होते. नोकरी संपली, सवय काही सुटली नाही. काल उकाड्यात त्यांनी कलिंगड आणि पुदिना घालून लिंबाचं सरबत केलं. रस दोनदा गाळला, बाटलीवर खुणांची कागदी पट्टी चिकटवली आणि प्रत्येकाला एकेक खूण मोजून दिलं. चव कशी झालीय, हे विचारलंच नाही. "आता कसं वाटतंय?" एवढंच विचारलं.

"एकदम बरं," आम्ही एका सुरात म्हणालो. हात दाखवून अवलक्षण!

"मग आता गरज नाही," म्हणत त्यांनी बाटलीला बूच लावलं.

सासूबाईंनी मात्र या माणसाबरोबर अख्खा संसार केलाय. रिकामा पेला पुढे करून त्या कण्हल्या, "अहो, मला अजून उतार नाही."