गोळीनंतरचा प्रश्न

आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर क्षयाच्या प्रत्येक रुग्णाला गोळ्या दिल्यावर एक फालतू प्रश्न का विचारतात, हे कोडं मला कित्येक दिवस सुटत नव्हतं. मी रक्तदाब मोजून घ्यायला जातो आणि मोजून झाल्यावरही बाकावर रेंगाळतो. सरकारी नियम एवढाच, की रुग्णाने गोळ्या नर्सच्या डोळ्यांदेखत गिळायच्या आणि मग तिने तक्त्यावर खूण करायची. सिस्टर मात्र आधी विचारायच्या, "झोप लागली का?" नाहीतर, "सुनेशी बोलणं सुरू झालं का?" उत्तर आलं की मगच पेन उचलायच्या.

सिस्टर चार दिवसांच्या रजेवरून परतल्या, त्या सकाळी शिंपीकाका आले. त्यांचा तिसरा महिना चालू होता. खाडे केले तर आजार चिवट होतो, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी गोळ्या तोंडात टाकल्या, पेला ओठांना लावला, मान मागे टाकली. मी आयुष्यभर रंगमंचावर रिकाम्या पेल्यातून सरबत प्यालोय; खोटा घोट मला लगेच कळतो. काकांचा कंठ हलला नव्हता.

"काका, हल्ली काय शिवताय?" सिस्टरनी विचारलं.

काका नुसते हुंकारले.

"नीट सांगा. मला घाई नाही."

काकांनी हवेतच सुई चालवून दाखवली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गालात गोळ्या दडवून माणसाला धड बोलता येत नाही.

सिस्टरनी कागद पुढे धरला. काकांनी गोळ्या त्यावर काढल्या.

"किती दिवस चाललंय हे?"

"तुम्ही नव्हतात तेवढे. बदलीच्या बाई नुसत्या बघायच्या." काकांनी मनगट पुढे केलं. "या गोळ्यांनी घाम केशरी येतो हो. शाळेचे पांढरे सदरे शिवायला आलेत. डाग पडला तर कोण फिरकेल दुकानात?"

"मग बोलायचं की. मी काय तुमची सासू आहे?"

"सासूला मी कधी घाबरलो नाही."

सिस्टर हसल्या, पण त्या चार खुणा त्यांनी खोडल्याच. "डॉक्टरांना सांगावं लागेल. चार दिवस पुढे वाढतील." मग खणातून पांढरं कापड काढलं. "माझ्या नव्या कोटाचं आहे. मनगटाला फडकं गुंडाळून आधी हा शिवा. डाग पडलाच तर माझ्या अंगावर मिरवीन."

काका कापडावरून हात फिरवत राहिले. मग नव्या गोळ्या घेतल्या. या वेळी कंठ वर गेला, खाली आला.

"माप कधी घेताय?"

"तुमचं माप माझ्या डोळ्यांत आहे. खिसे किती हवेत तेवढं बोला."

शेवटच्या रांगेत ऐकू जावा इतका स्वच्छ आवाज. सिस्टरनी पेन उचललं.