तुमसरच्या लॅबमधली दुर्गा

मोहाडीकडच्या एका मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यात बी.एस्सी. झालेली पहिली पोरगी म्हणजे दुर्गा, आणि तीही मायक्रोबायोलॉजीत. विषयाचं हे नाव तिच्या बापाच्या, तुलारामच्या, तोंडात कधी बसलं नाही. तो 'जंतूचं शिक्षण' म्हणायचा, पण मोठ्या तोऱ्यात म्हणायचा. विषय घ्यायला लावला होता कॉलेजातल्या धनराज सरांनी. औषध कंपन्या, डेअऱ्या, पाणी तपासणी, नोकऱ्याच नोकऱ्या! निकाल लागल्यावर कळलं की कंपन्या आहेत हैदराबादेकडे, आणि इथल्या लॅबवाल्यांना हवा असतो वेगळाच डिप्लोमा. हे सरांनी तीन वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं.

तरी दुर्गाला राग आला नाही, कारण हात दिला तो सरांनीच. कॉलेज सोडून त्यांनी तुमसरला स्वतःची लॅब काढली होती. पू-लघवीतले जंतू ताटलीत वाढवून ओळखायचं काम त्यांनी तिच्याकडे सोपवलं. संध्याकाळी नमुने यायचे. ती ते ताटल्यांवर पसरायची, इनक्युबेटरमध्ये ठेवायची आणि सकाळी दहाला येऊन उघडायची. आतल्या तापमापकाचा आकडा बरोबर सदतीसवर; जंतू वाढायला रात्रभर तेवढी ऊब लागते. सरांचा शब्द तिच्यासाठी पुस्तकापेक्षा मोठा होता.

ऐन थंडीत तलावात जाळं ओढताना तुलारामच्या पायाच्या अंगठ्यात शिंगी माशाचा काटा मोडला. पाय सुजला, पू झाला, गावच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. दुर्गाने नमुना स्वतः लावला. सकाळी ताटली स्वच्छ! तिने हसतहसत लिहिलं, 'जंतूंची वाढ नाही', खाली सही ठोकली आणि कागद बापाच्या हाती दिला.

पाचव्या दिवशी अंगठा काळा पडला आणि जखमेतून हिरवट पू यायला लागला. तिने पुन्हा नमुना लावला. दुसऱ्या दिवशी तिला दहापर्यंत धीर निघेना, आठलाच लॅब गाठली. शकुनबाई फरशी पुसत होती. इनक्युबेटरचं बटण बंद, तापमापकाचा आकडा सोळावर.

"मावशी, हे बंद कोणं केलं?"

"रोजच तं बंद असते. सर जाताना बंद करते, नऊले येऊन चालू करते. रातभर कायले लाईट जाळाव?"

दुर्गाने आतली ताटली काढून पाहिली, कोरीच होती. वर्षभर तिने ज्यांना ज्यांना 'वाढ नाही' लिहून दिलं होतं, ते सगळे लोक तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. नऊला सर आले.

"सर, तुम्हीच शिकवलं ना, रातभर सदतीस लागते म्हणून?"

"ते पेपरात लिहाव लागते, दुर्गा," सर हसून म्हणाले. "लॅब चालवणं वेगळं असते. अन् लोकं तं बरे होऊनच राहिले ना?"

असा संताप तिला जन्मात आला नव्हता. "तुम्ही मले फसवलं सर," एवढंच ती बोलली आणि निघाली. त्याच दुपारी तिने बापाला भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. अंगठा आणि शेजारचं बोट कापावं लागलं.

तिसऱ्या दिवशी खाटेजवळ बसून तिने बापाला सगळं सांगितलं, सरांच्या नावाने वाट्टेल ते बोलली, रडली. तुलाराम पट्टीकडे बघत ऐकत होता.

"म्हणजे गावचा डाक्टर बरोबरच सांगे," तो म्हणाला. "अजून पाच इंजेक्शनं घे म्हणे. मीच नाही घेतले. त्याले तुहा कागद दाखवला अन् म्हटलं, माह्या पोरीनं लिहिलं हाये, तुमच्यापक्षा तिले जास्त समजते."