चौथा खांदा

पोरगा समोर आला की आबा त्याचं तोंड नाही, खांदा बघायचे. दोन बोटांनी दाबायचे आणि म्हणायचे, "चालंल. उद्यापासून ये." येतोस का, असं विचारायची त्यांची पद्धतच नव्हती.

सिद्धगडाखालच्या आमच्या पाड्यांना तेव्हा रस्ता नव्हता. आजारी माणूस मुरबाडच्या दवाखान्यात न्यायचा तर बांबूला घोंगडी बांधायची, तीच झोळी. दोघांनी उचलायची, दोघांनी बदलीला चालायचं. आबांनी लग्न केलं नाही, जन्मभर एकच केलं. मोहाच्या दारूपुढून पोरं उठवली आणि झोळीला लावली.

शिकवताना झोळीत पाण्याचा हंडा ठेवायचे. सांडला की परत पाड्यापासून सुरुवात. "आत माणूस हाय रे!" म्हणून ओरडायचे. एकदा परीक्षा घ्यायला स्वतःच आत निजले, आणि ओढा यायच्या आत घोरायला लागले. आम्ही त्यांना हळूच आंब्याखाली ठेवलं आणि बिड्या ओढत बसलो. जागे झाले तर म्हणतात, "झोप लागली, म्हंजे चाल जमली. बिड्या टाका, गाढवांनो!"

लढाईच्या सालांत बरीच पोरं कल्याणकडे मिलिटरीच्या कामाला गेली. पाड्यात झोळी शिकलेले आम्ही चौघंच उरलो. त्या पावसाळ्यात आबा तापानं पडले. तिघं झोळी बांधून त्यांच्या दारात माझी वाट बघत होते. मी पळत गेलो, पण खांदा द्यायला नाही. घरी माझी बायको बाळंतपणात अडली होती.

आबा झोळीत बसलेले होते. माझं ऐकलं आणि उतरले.

"दोन झोळ्या करू, आबा, दोघं दोघं," एकजण म्हणाला.

"या चिखलात? बदली नाय तर दोघांना पण वाटंत टाकाल. तिला न्या. मी येतो मागून चालत."

भिंत धरून उभे होते ते. चालत कसले येतात! मला दिसत होतं. "नाय आबा, तुमी बसा," एवढं तोंडदेखलंसुद्धा मी म्हणालो नाही. घोंगडी त्यांच्या तापानं गरम होती. तिच्यातच बायकोला निजवलं.

मुरबाडात मुलगा झाला. दोघं वाचली. परतलो तेव्हा आबांचं सगळं उरकलं होतं. म्हाताऱ्यांनी नेलं, चिखलात घसरत, धडपडत. त्या तिघांनी मला कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तुम्ही म्हणाल, यात तुझी चूक काय? मीही मनाला तेच सांगत आलो. पण बायको भाकऱ्या थापायला बसली की वाटायचं, हा संसार आपला नाही, आबांच्या झोळीतून उचलून आणलाय. पहिली भाकरी ती रोज बाजूला ठेवायची. कुणासाठी, ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

यंदा ती गेली. वाटेत खांदा बदलताना मुलाचा पाय चुकला, तिरडीला धक्का बसला. माझ्या तोंडून निघालं, "आत माणूस हाय रे!"

मुलगा म्हणाला, "बा, आता तिला काय कळतंय?"

नसेल कळत. पण आबांना नेलं तेव्हा एवढं ओरडायलासुद्धा कुणी नव्हतं. ओरडणारे आम्ही चौघं तिच्या झोळीला होतो.