कोरं काडतूस

नाटक कंपनीत त्यांना सगळे बारकाका म्हणत. दारूशी त्यांचा रोजचा संबंध होता, पण बंदुकीच्या दारूशी. रंगमंचावरची पिस्तुलं सांभाळायची, पुसायची, प्रयोगाआधी कोरं काडतूस भरून खलनायकाच्या हातात द्यायचं, हे त्यांचं काम. कोरं म्हणजे ज्यात दारू असते पण गोळी नसते. "गोळीच नाही, तर मरायचं कशानं? नुसता आवाज!" असं ते येईल त्याला ऐकवत. कुणी विचारलं नाही तरी ऐकवत.

नव्या नाटकाच्या शेवटच्या अंकात खलनायक नायिकेच्या कानशिलाला पिस्तूल टेकवून बार काढतो. तालमीत नटी अडून बसली. "काका, मी टेकवू देणार नाही. लांबून धरा, तिरकं धरा. प्रेक्षकांना काय कळतंय?"

बारकाकांना ते झोंबलं. इतकी वर्षं या हातांनी बार काढले आणि ही कालची पोर शिकवणार! "थांब, तुझी भीतीच घालवतो," म्हणत ते तरातरा बाहेर गेले आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून लाल भोपळा घेऊन आले. तो खुर्चीवर ठेवून त्यांनी त्याला तिचाच विग घातला. मंडळी खो खो हसायला लागली. "ही आमची नायिका," काका म्हणाले, "हिला नुसतं खरचटलं तरी उद्यापासून मी झाडू मारीन."

त्यांनी पिस्तूल भोपळ्याला टेकवलं आणि चाप ओढला.

धूर विरला तेव्हा भोपळ्याला अलीकडून अंगठा जाईल एवढं काळं भोक पडलं होतं आणि पलीकडची बाजू पार उकलली होती. गर पडद्यावर उडाला होता, बिया दिग्दर्शकाच्या चहात. कुणी हसलं नाही. नटीने खाली पडलेला विग उचलला आणि ती त्यातला गर बोटांनी निपटू लागली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

"गोळी होती काय रे आत?" मागून नानांनी विचारलं. नाना म्हणजे कंपनीतले सगळ्यात जुने नट.

"नाही नाना, कोरंच होतं. नुसत्या दारूच्या झोतानं फुटला," शेजारच्याने सांगितलं.

"काय?" म्हणत नानांनी मान वळवून उजवा कान पुढे केला.

काकांनी पिस्तूल खाली ठेवलं. आधीच्या नाटकाच्या प्रत्येक प्रयोगात नानांच्या डाव्या कानाशी काकांचंच पिस्तूल वाजलं होतं. नाना कान चोळत विंगेत यायचे, "गुणगुण थांबत नाही रे," म्हणायचे. आणि काका चारचौघांत त्यांना 'बहिरोबा' म्हणून हाक मारायचे.

दुसऱ्या दिवशी ते नानांच्या घरी गेले. दार वहिनींनी उघडलं. "या भावजी. ह्यांच्याशी जरा ओरडूनच बोला हं. मला तर वाटतं, बायकोचं ऐकायला नको म्हणून सोंग करतात."

काकांना हसता येईना. पुढ्यातला चहा निवत गेला. शेवटी नानांच्या उजव्या बाजूला सरकून ते म्हणाले, "नाना, तुझा कान माझ्यामुळे गेला."

"मला वाटलं, वयामुळे," नाना म्हणाले. मग त्यांनी डावा कान चोळला. "मी कानात कापूस घालायचो, आठवतं? तू तो सगळ्यांना दाखवून हसलास. मग घालायचा सोडला."

हे काका साफ विसरले होते. वहिनींनी कप उचलले. निघताना "पुन्हा या" कुणी म्हणालं नाही.

त्या संध्याकाळी काकांनी सगळी काडतुसं दिग्दर्शकाच्या हवाली केली. आता खलनायक रिकामं पिस्तूल तिरकं धरतो आणि काका विंगेत दोन फळ्या एकमेकींवर आपटतात. पहिल्याच प्रयोगाला फळ्या उशिरा वाजल्या. नायिका आधीच कोसळली होती. प्रेक्षागृह हसलं, ते काकांनी निमूट ऐकून घेतलं. नटी पूर्वीसारखीच त्यांना काका म्हणते, मध्यंतरात चहा पुढे करते. तिच्याशी बोलताना मात्र त्यांची नजर तिच्या चपलांवरून वर येत नाही.