एकशे एक तास

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केलीये. आता तुम्ही माझी करा, हरकत नाही. पण आधी ऐका...

नव्वदीच्या शेवटची गोष्ट. आम्ही बडोद्याचे, रावपुऱ्यात राहायचो. मकरपुऱ्यातल्या एका केमिकल कंपनीत मी टाइम ऑफिसला होते. धाकटा भाऊ नंदू तिथेच प्लँटवर, अजून परमनंट व्हायचा होता. ऑफिसात नुकताच कॉम्प्युटर आलेला. महिना लागला की मी एक्सेलमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे सव्वीस दिवसांचे आठ-आठ तास भरून ठेवायचे. मग रोज हजेरीचं पंच कार्ड बघून फरक असेल तर दुरुस्ती. सगळ्यांची टोटल दोनशे आठ. त्या दिवशी बघते तर नंदूची — एकशे एक!

फॉर्म्युला पुन्हा टाकला. वरच्या ओळीतला कॉपी केला. नवी फाइल केली. एकशे एकच! शेजारच्या टेबलावरचे भट्टभाई म्हणाले, "बेन, फॉर्मेट खोटुं हशे." तेही बदलून पाहिलं. छे!

संध्याकाळी भाजी चिरता चिरता सहज हिशेब केला. नंदूच्या बारा शिफ्ट झाल्यात. बारा आठे शहाण्णव... वर पाच. उद्या त्याची सकाळी सातची शिफ्ट, म्हणजे दुपारचे बारा. त्याचे तास उद्या बारालाच संपतात की काय!

पहाटे मी मुद्दाम पोट धरून लोळायला लागले. "नंदू, मला दवाखान्यात ने रे!"

"ताई, खाडा झाला तर साहेब मला परमनंट करायचा नाही गं!"

पण मी इरेला पेटले होते. शेवटी तो शेजारी जाऊन कुणाला तरी फोन करून आला आणि घरी थांबला. मी देवापुढे साखर ठेवली.

दीडच्या सुमारास भट्टभाई स्कूटरवरून आले ते जिन्यातच रडायला लागले. "बेन, रिअ‍ॅक्टर फाट्युं, बार वाग्ये... आपणो नंदू गयो! एनुं कार्ड पंच छे..."

बरोबर बारा वाजता स्फोट, आणि नंदू माझ्या मागेच उभा! त्याने माझा दंड धरला. "रम्या... ताई, मीच रम्याला सांगितलं. माझं कार्ड पंच कर, माझ्या जागी उभा राहा."

रमेश त्याचा प्लँटवरचाच जिवलग दोस्त. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. असं एकमेकांसाठी सगळेच करायचे, आणि टाइम ऑफिसला असून मीही काणाडोळा करायचे.

पुढे शीट उघडली तर नंदूची टोटल गुपचूप दोनशे आठ.

पण खरं सांगू? मला छळतो तो आकडा नव्हे. बारा वाजता तिथे काहीतरी होणार, या भीतीने मी माझ्या माणसाला घरी ठेवलं... प्लँटवर एक फोन करावा, हे डोक्यातसुद्धा आलं नाही हो!

तेराव्याला रमेशची बायको मला म्हणाली, "ताई, यांची सुट्टी होती ना? मग कुणी बोलावलं? तुम्हाला ठाऊक असेल."

मी "नाही" म्हटलं.